खुंटीवरचा झगा

ऑर्हूस, ११ ऑक्टोबर २०२२

सोल्वाय,

आज, मंगळवार, ११ ऑक्टोबर रोजी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, पोहून आल्यावर अंगावर घ्यायचा तुझा निळा झगा धक्क्यावर तुझ्या खुंटीला टांगलेला होता, आणि तू पाण्यात कुठेही दिसत नव्हतीस.

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही. चार वर्षांनी सख्ख्या बहिणीला पत्र लिहिताना सुरुवात कशी करावी, हे शाळेत सिस्टर बेनेडिक्टाने आपल्याला शिकवलं नाही. तक्रार कशी लिहावी ते मात्र शिकवलं होतं. आधी वेळ, मग जागा, मग गुन्हा. रडारड सगळ्यात शेवटी, तीही कागदावर जागा उरली तर. पुढे तीस वर्षं कोर्टात कारकुनी केली तिथेही हाच क्रम होता.

तर गुन्हा असा. आपल्या धक्क्यावर नियम एकच आहे आणि तो पाच वर्षांच्या पोरालाही पाठ असतो. झगा खुंटीवर आहे म्हणजे माणूस पाण्यात आहे, आणि खुंटीवर झगा असेपर्यंत शेवटच्या माणसाने घरी जायचं नाही. शहरापासून इतक्या लांब, मागे नुसतं जंगल आणि पुढे नुसता समुद्र अशा जागी आपण म्हाताऱ्या बायका पहाटे निर्धास्त पोहतो, ते या एका नियमावर. तू तो मोडलास.

शिवाय सात ही माझी वेळ आहे. तुझी साडेआठ. हे आपण कधी ठरवलं नाही, कारण ठरवायचं तर बोलावं लागलं असतं. पण चार वर्षं दोघींनी पाळलं.

एस्किल धापा टाकत आला तेव्हा मी धक्क्याच्या टोकाला उभी होते.

“कुणाचा झगा?”

“सोल्वायचा.”

“ती तर साडेआठची.”

“ती कितीची आहे ते मला माहीत आहे.”

“मग गेली कुठे?”

“एस्किल, ते माहीत असतं तर इथे उभी राहून तुझ्याशी गप्पा मारत बसले असते का? तू धक्क्याचा प्रमुख ना? फोन लाव!”

बोडिल माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, “अगं, लांब पोहत गेली असेल.” लांब! गुडघाभर पाण्यात उतरताना जिची किंकाळी वरच्या वाहनतळापर्यंत ऐकू जाते, ती बाई! आज ती किंकाळी कुणीही ऐकली नव्हती. मी प्रत्येकाला विचारलं.

मग बंदरावरून बचाव नौका आली. दोन माणसं कुत्रे घेऊन जंगलात शिरली. आठ वाजून गेल्यावर एस्किलचा फोन वाजला. ओढ्याच्या पलीकडे, जंगलातल्या बालवाडीच्या लोकांना तू सापडली होतीस. ओला पोहण्याचा पोशाख, पाय उघडे, पण जिवंत. बोडिलने तिच्या कडू दारूची बाटली काढली आणि सगळ्यांना एकेक घोट दिला. मी घेतला नाही.

पोलिसांना तू सांगितलंस म्हणे, की प्रवाहाने दक्षिणेकडे ओढून नेलं. बरं.

माझं नुकसान एवढंच, की थोडी सर्दी झाली. धक्क्यावरच्या लोकांची एक सकाळ आणि नौकेवरच्या चौघांची झोप मोडली. त्याबद्दल तू लेखी माफी मागावीस, ही अपेक्षा.

मेरेटे


१५ ऑक्टोबर

सोल्वाय,

उत्तर नाही. मागचं पत्र मिळालं नाही असं म्हणण्याची सोय तुला नाही. हल्ली टपालाला आठवडा लागतो, म्हणून मी स्वतः येऊन तुझ्या फाटकावरच्या पेटीत टाकलं होतं. तुझ्या स्वयंपाकघरात दिवा होता. बघायला थांबले नव्हते. दिसला.

काल बोडिल माझ्याकडे आली. कॉफी पिऊन झाली, पाव खाऊन झाला, हवापाण्याचं बोलून झालं, तेव्हा म्हणाली, “सोल्वाय विचारत होती, तिचा झगा कुणाकडे आहे?”

“माझ्याकडे.”

“देतेस का? मी नेऊन देते.”

“तिला म्हणावं, लेखी माग.”

“मेरेटे, तुम्ही दोघी म्हणजे ना! सत्तरी ओलांडली तरी शाळेच्या पायरीवर भांडताय.”

“मी भांडत नाही. मी बोलतच नाही.”

“तेच म्हणते मी,” बोडिल म्हणाली आणि तिसरा पाव उचलला.

तुझा झगा माझ्या न्हाणीघराच्या दारामागे आहे. धुतलेला नाही. खिशात तुझी लग्नाची अंगठी आहे. त्याचं मला काही वाटलं नाही. थंड पाण्यात बोटं आखडतात, आपण सगळ्याच अंगठ्या काढून ठेवतो. चष्मा आहे. तेही ठीक. पण घराची किल्लीसुद्धा आहे, सोल्वाय; जादाची शेजारणीकडे असते म्हणून तू घरात तरी शिरलीस. चूल बंद केली का हे बघायला रस्त्याच्या टोकावरून तीनदा परत फिरणारी बाई तू. प्रवाहाने ओढलं, तू ओढ्यापाशी बाहेर आलीस, इथवर मानते. मग वाळूवरून चालत धक्क्याकडे का आली नाहीस? झगा इथे, किल्ली इथे, कोरड्या चपला इथे. आणि तू उलट्या दिशेला, जंगलात.

आणखी एक. त्या सकाळी वारा नव्हता. झाडांची पानं पाण्यावर पडली होती ती पडली तिथेच होती. मी ती बराच वेळ बघत होते. प्रवाह असता तर ती हलली असती.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. एस्किल यायच्या आधी मी पाण्यात उतरले होते. माझ्या झग्यासकट. काढायचं सुचलं नाही. उजाडलं नव्हतं, पाणी काळं होतं. मी पिवळ्या तरंगत्या खुणेपर्यंत गेले आणि बुडी मारली. माझं वय तुला माहीत आहे. खाली काही दिसत नव्हतं, म्हणून हातांनी चाचपत होते. तिथे तळाशी लांब पानांचं गवत आहे ना, लहानपणी त्याला घाबरून तू माझ्या पाठीवर बसायचीस, ते माझ्या हाताला लागलं. मऊ, लांब, हलणारं. मी ते मुठीत धरलं. आणि सोडवेना. मला वाटलं, तुझे केस आहेत.

किती वेळ धरून होते कोण जाणे. ओढलं तेव्हा मुळासकट हातात आलं.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बोडिलला वाटतं, मी पाय घसरून पडले. ते तसंच राहू दे.

मेरेटे


२० ऑक्टोबर

सोल्वाय,

रोज सात वाजता जाते. तुझी खुंटी रिकामी असते.

आता हे तुला सांगायलाच हवं, नाहीतर रिकाम्या खुंटीला मी का घाबरते ते तुला कळणार नाही. चार वर्षं मी माझं पोहणं झाल्यावर घरी जात नव्हते. वर वाहनतळावर गाडीत बसून राहायचे. थर्मासमधली कॉफी प्यायचे, रेडिओ ऐकायचे. साडेआठला तू यायचीस. झाडांच्या फटीतून खुंटीवर निळं काहीतरी दिसायचं. मग तुझी ती किंकाळी. मग थोड्या वेळाने निळं नाहीसं व्हायचं. म्हणजे तू बाहेर आलीस, अंगाभोवती झगा गुंडाळलास, चाललीस. मग मी गाडी सुरू करायचे. आपलं एवढंच बोलणं होत होतं, पण रोज होत होतं. रिकामी खुंटी म्हणजे सोल्वाय घरी पोचली.

आता रिकाम्या खुंटीचा काहीच अर्थ लागत नाही.

यावरून मी विरघळले असं समजू नकोस. आईच्या बाबतीत तू केलंस ते चूकच होतं आणि चूकच राहील. रोज प्रार्थनेला जाणारी बाई, तिला चर्चच्या दफनभूमीत, आशीर्वाद दिलेल्या मातीत जागा होती, शेजारी बाबा होते. आणि तू तिची राख या पाण्यात सोडलीस, कारण तिने आजारपणात तुझ्यापुढे एका कागदावर सही केली. आजारी माणूस काय, सूप हवं म्हणूनही सही करेल! समुद्राला ना दगड, ना नाव. मेणबत्ती लावायची कुठे? तू म्हणालीस, “मेरेटे, ती इथेच सुखी होती.” मी म्हणाले, सुखाचा प्रश्न नाही. अजूनही तेच म्हणते.

पण मी रोज सात वाजता धक्क्याच्या टोकाला काय करत असते असं तुला वाटलं? जपमाळ ओढत असते. गार पाण्यात. कुणीतरी ओढायला नको का?

आणि आता मला त्या पाण्याची भीती वाटते. पन्नास वर्षांत वाटली नव्हती. काल शिडीवर अर्ध्यावर थांबले. बोडिल ओरडली, “मेरेटे, उतरतेस की खटला भरतेस?” सगळे हसले. मीही हसले. पण पाय उतरेना. गवत वर आलेलं दिसत होतं. त्यात आणखी एक ऐकलं. तू पालमबाईंच्या बेकरीत म्हणाली होतीस म्हणे, की नवऱ्याला, म्हणजे पालेला, स्मृतिभ्रंशाच्या आश्रमात ठेवल्यापासून घर फार मोठं झालंय, आणि आता सकाळी आईकडे जाते तेवढंच एक जाणं उरलंय. बेकरीतली पोरगी मला कौतुकाने सांगत होती. “किती गोड बोलतात ना तुमची बहीण!” मी पाव तिथेच विसरून आले.

आईकडे जाते, म्हणजे काय, सोल्वाय?

काल दुपारी मी ओढ्यापलीकडे त्या बालवाडीत गेले. मुलं चिखलात बसून काठ्यांचं काहीतरी बांधत होती. तिथली शिक्षिका सिग्ने नावाची आहे, तरुण, पायात गमबूट, तोंडावर चिखल. मी म्हटलं, मी त्या बाईंची बहीण.

“अच्छा! बऱ्या आहेत ना त्या आता?”

“तेच विचारायला आले. त्या दिवशी ती काय करत होती?”

तिने तोंडावरचा चिखल बाहीने पुसला. मग म्हणाली, “ओंडक्यावर बसल्या होत्या. समुद्राकडे तोंड करून. ओल्याच. पण कुडकुडत नव्हत्या. म्हणून मी घाबरले.”

घाबरणारच. तू चाळीस वर्षं नर्स होतीस. माणूस कुडकुडायचं थांबतो म्हणजे काय, हे तुला पुस्तकात वाचावं लागत नाही.

“मी हाक मारली,” ती म्हणाली, “तशा त्या उठल्या. मला वाटलं, आमच्याकडे येतायत. पण त्या पाण्याकडे चालायला लागल्या. मी मुलांना सोडून धावू कशी? तेवढ्यात आमची ती माय नावाची मुलगी आहे ना, चार वर्षांची, ती माझ्या हातातून सुटली आणि जाऊन त्यांच्या पुढ्यात उभी राहिली. म्हणाली, ‘तुझे सगळे कपडे ओले झाले? तुझ्या खणात जादाचे नाहीत का?’”

इथे प्रत्येक मुलाच्या नावाचा खण असतो आणि त्यात जादाचे कपडे असतात. हे त्यांना बोलायला लागायच्या आधी कळतं.

“मग?”

“मग त्या म्हणाल्या, ‘नाही गं, माझा खणच नाही.’ माय म्हणाली, ‘मग तुला न्यायला कोण येणार आहे?’ आणि तुमच्या बहिणीला रडू फुटलं. मग त्या कुडकुडायला लागल्या. आम्ही त्यांना सगळ्यांच्या ब्लँकेटात गुंडाळलं.”

मी त्या ओंडक्यावर जाऊन बसले. तिथून धक्का दिसतो, सोल्वाय. स्पष्ट दिसतो. त्या सकाळी तोवर उजाडलं होतं. म्हणजे तिकडे बसून तू मला बघत होतीस. मी ओरडत होते ते तुला ऐकू येत होतं. आणि तू हात वर केला नाहीस.

आज इथेच थांबते.

मेरेटे


२५ ऑक्टोबर

सोल्वाय,

रात्री जेवणानंतर तुला फोन येतात आणि पलीकडून कुणी बोलत नाही, असं तू बोडिलला सांगितलंस. बोडिल म्हणाली, “पोलिसांना कळव, कुणीतरी वेडा असेल.” तो वेडा मी आहे. तू ‘हॅलो’ म्हणतेस, मी ठेवते. तेवढंच हवं असतं. परवा तू ‘हॅलो’ म्हटलंच नाहीस. म्हणालीस, “मेरेटे, नाक शिंकर आधी. मी ठीक आहे.”

मी ठेवून दिला, आणि सकाळपर्यंत खुर्चीत बसून राहिले. कारण ‘ठीक आहे’ हे तू नेहमीच म्हणतेस. आईच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी म्हणाली होतीस. पालेने तुला ‘बाई, तुम्ही कोण?’ असं पहिल्यांदा विचारलं, त्या दिवशीही शेजारणीला म्हणालीस. तुझा आवाज खोटं बोलतो. अगदी लहानपणापासून. अक्षर मात्र बोलत नाही. आठवतं? शाळेच्या बंद कोठीतली द्राक्षं कुणी खाल्ली, असं सिस्टर बेनेडिक्टाने विचारलं तेव्हा तू छातीवर हात ठेवून ‘मी नाही’ म्हणालीस. मग तिने पाटी पुढे केली, “लिही.” तू खडू धरून उभी राहिलीस आणि शेवटी लिहिलंस, ‘मीच.’ म्हणून मला लेखी हवं आहे. रागाने नाही.

आणि लवकर हवं आहे. शनिवारी, २९ तारखेला, सकाळी दहा वाजता एस्किल आणि पुरुष मंडळी धक्का काढणार. दरवर्षीप्रमाणे फळ्या उचलून कोठारात ठेवतील, म्हणजे हिवाळ्यात बर्फाने मोडायच्या नाहीत. वसंतापर्यंत नुसते खांब उभे राहतील. शिडी नाही, खुंट्या नाहीत. दरवर्षी या दिवसाचं मला वाईट वाटायचं, पण चार वर्षं मी हिवाळा काढलाच. बेकरीच्या खिडकीत कधी तू दिसायचीस, कधी तुझी सायकल. या वर्षी मला ते पुरणार नाही. पाच महिने तू आहेस की नाही हे मी कशावरून ओळखायचं? रात्रीच्या ‘हॅलो’वरून?

काल एस्किलला म्हटलं, “खुंट्यांची ती फळी मला दे.”

“पोहणाऱ्यांच्या संघाची आहे ती, मेरेटे.”

“वसंतात परत करीन.”

“आणि तोवर काय करणार तिचं?”

“न्हाणीघरात लावणार.”

त्याने डोकं खाजवलं. “सगळ्या बारा?”

“दोन पुरेत.”

आज सकाळी माझ्या दाराशी पिशवीत दोन खुंट्या होत्या, स्क्रूसकट. एक मी बसवली आणि तिच्यावर तुझा झगा टांगला आहे. वाकडी बसली आहे, पण धरून आहे.

त्या चिमुरडीचा प्रश्न मला सहा दिवस झोपू देत नाही. ‘तुला न्यायला कोण येणार आहे?’ त्याचं उत्तर तू तिला दिलं नाहीस, असं सिग्ने म्हणाली. माहीत नव्हतं म्हणून दिलं नसशील, तर आता माहीत करून घे. मी येणार आहे. आईचं भांडण बाजूला राहील, मिटणार नाही. मिटवायचं नसलं तरी घरात बसून भांडता येतं. समोर कॉफी असली की मी जास्त चांगली भांडते.

पण तत्पूर्वी मला एक उत्तर हवं आहे. प्रश्न एकच आहे आणि तो मी आडवळण न घेता विचारते.

मंगळवार, ११ ऑक्टोबरला तू झगा खुंटीला टांगलास, तेव्हा परत येऊन तो अंगात घालायचा तुझा विचार होता का?

‘हो’ लिही किंवा ‘नाही’ लिही. प्रवाहाबद्दल लिहू नकोस. ‘ठीक आहे’ लिहू नकोस. ‘नाही’ असलं तर ‘नाही’च लिही. मी ते वाचून किंचाळणार नाही, पाद्रीबुवांना सांगणार नाही, बोडिलला तर नाहीच नाही. फक्त मला ते माहीत असायला हवं, म्हणजे रात्री मी तुझ्या दाराबाहेर बसायचं की नाही ते मला कळेल.

उत्तर तुझ्या स्वतःच्या हस्ताक्षरात हवं, शाईने, खाली सही आणि तारीख. ते शनिवार, २९ ऑक्टोबर २०२२, सकाळी दहाच्या आत, म्हणजे धक्क्याची पहिली फळी उचलण्याआधी, माझ्या हातात पडलं पाहिजे. पेटीत टाकू नकोस. घेऊन ये. त्या वेळेपर्यंत आली नाहीस, तर तुझी किल्ली माझ्याकडे आहे, हे लक्षात ठेव.

मेरेटे